विधवेचा सन्मान कोणाच्या इच्छेने?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हेरवाडच्या ठरावानंतर आपल्या जिल्ह्यात विधवांच्या सन्मानाचे कार्यक्रम होऊ लागले, याचा मला मनापासून आनंद आहे. मी स्वतः विधवा आहे, कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत राहते आणि अशा कार्यक्रमांना समोरच्या रांगेत बसवली गेले आहे. तिथे बसल्यावर जे जाणवते ते व्यासपीठावरच्या मंडळींपर्यंत पोहोचत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी, म्हणजे राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दोन दिवस आधी, विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि १७ मे रोजी राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर गावांनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले. पतीच्या अंत्यविधीच्या वेळी कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथांविरुद्ध तो ठराव होता. ज्या बाईला स्वतःची शुद्ध नाही, तिचे मनगट दोघी-तिघींनी धरायचे आणि भावकीदेखत बांगड्या फोडायच्या, हे ज्यांनी पाहिले आहे किंवा सोसले आहे त्यांना त्या ठरावाचे मोल वेगळे सांगायला नको. तिची इच्छा कोणी विचारत नाही, हीच त्या विधीतली सर्वांत क्रूर गोष्ट असते.

आता आमच्या भागातला एक कार्यक्रम सांगते. महिला दिनाच्या आधी एका संघटनेच्या कार्यकर्त्या घरोघरी येऊन विधवांची नावे लिहून घेऊन गेल्या. सभागृहात आमच्यासाठी पुढच्या खुर्च्या वेगळ्या ठेवल्या होत्या, त्यामुळे आत येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही कोण ते बसल्या जागी कळत होते. भाषणांत शाहू-फुले-आंबेडकरांचे नाव वारंवार घेतले गेले आणि मग एकेकीला वर बोलावून पाहुण्यांच्या हस्ते कुंकू लावणे सुरू झाले. माझ्या शेजारच्या आजींनी, ज्यांच्या कपाळाला गेली कित्येक वर्षे कुंकू नव्हते, पाहुण्यांचा हात जवळ येताच मान मागे घेतली. तेव्हा एका कार्यकर्तीने प्रेमानेच, पण घट्ट, त्यांचे खांदे धरले आणि छायाचित्रकाराने "परत एकदा, फोटो नीट आला नाही" असे सांगितल्यावर कुंकू पुन्हा लावण्यात आले. संध्याकाळी तो फोटो नावानिशी सगळ्या पेठेच्या मोबाइलवर फिरत होता. आजी त्यानंतर बरेच दिवस देवळाकडे फिरकल्या नाहीत.

याच कार्यक्रमात एक तरुण विधवा कुंकू लावून घेताना आनंदाने रडली, हेही मला सांगितले पाहिजे. तिला ते हवे होते आणि घरच्यांसमोर लावण्याचे धाडस होत नव्हते. चारचौघांच्या साक्षीने लागलेले कुंकू तिला दुसऱ्या दिवशी घरातही टिकवता आले. प्रथा चारचौघांत पार पडते तेव्हा तिचा भंगही चारचौघांत व्हायला हवा, हे कार्यकर्त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण त्या मुलीची इच्छा आणि आजींची अनिच्छा यांतला फरक तिथल्या एकाही जबाबदार माणसाला टिपता आला नाही, कारण त्यांच्या लेखी आम्ही दोघीही 'विधवा' या एकाच यादीतली नावे होतो.

मी कुंकू लावत नाही. पती गेल्यावर माझ्यावर कोणी सक्ती केली नाही. मला लावावेसे वाटत नाही, इतकेच. एका चर्चेत हे सांगितले तेव्हा माझ्या मुलीच्या वयाच्या एका कार्यकर्तीने मला, "काकू, हे तुमचं मत नाही, तुमच्यावर लादलेलं ते तुम्हाला आपलं वाटतंय," असे सुनावले. तिच्या तळमळीविषयी मला शंका नाही. परंतु ज्या बाईचा आवाज समाजाने दाबला असे आपण म्हणतो, ती बोलू लागली की तिचे बोलणे तिचे नव्हेच, असे ठरवून मोकळे होणे मला फार गंभीर वाटते. उद्या मी कुंकू लावले तर ती मुक्ती आणि नाही लावले तर ती गुलामी, असा निकाल आधीच लागलेला असेल, तर माझ्या कपाळावरचा अधिकार एका हातातून दुसऱ्या हातात गेला एवढेच झाले.

आणि व्यासपीठ सोडून गल्लीत आले की काय दिसते? सभेत मला मिठी मारून 'आपण सगळ्या बहिणी' म्हणणाऱ्या एका भगिनीच्या घरी संक्रांतीचे हळदी-कुंकू झाले, आणि शेजारी राहूनही मला बोलावणे आले नाही. सासूबाईंना चालत नाही, असे तिने नंतर सांगितले. तिची अडचण मी समजू शकते, पण खरी लढाई त्या उंबऱ्यावरच आहे आणि तिथे फोटो निघत नाहीत.

पती वारल्यानंतर शेतजमिनीवर वारस म्हणून माझे नाव लावताना मला सर्वांत जास्त सोबतीची गरज होती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पतीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी ही मुले आणि सासू यांच्याबरोबरीने पहिल्या वर्गातील वारस आहे. तरीही तलाठ्याकडचा अर्ज, नोटिसा, फेरफार आणि मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी या वाटेवर दिरांच्या एका तोंडी हरकतीनेही बाई खचते. माझ्याबरोबर त्या वेळी आली ती गल्लीतली एक शिवणकाम करणारी बाई. तिने आयुष्यात कधी भाषण केलेले नाही. संजय गांधी निराधार योजनेचे महिना दीड हजार रुपये मिळवण्यासाठी कागद गोळा करत हिंडणाऱ्या कितीतरी बायका आजही तहसील कचेरीच्या आवारात एकट्या उभ्या दिसतात.

शाहू महाराजांचे नाव आपण घेतो, म्हणून त्यांच्या घरातलेच उदाहरण देते. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी राजकुमार शिवाजी शिकारीच्या अपघातात गेले. मागे राहिलेल्या सूनबाई इंदुमतीदेवी अगदी कोवळ्या वयाच्या होत्या. आप्तांचा विरोध पत्करून महाराजांनी कोल्हापूरजवळच्या सोनतळीला त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली आणि सोबतीला वेगवेगळ्या जातींच्या मुली ठेवल्या. पुत्रशोकात असलेल्या त्या माणसाने सुनेच्या हाती पुस्तक दिले. कावळा नाक्यावरच्या पुतळ्यात घोड्यावर स्वार असलेल्या महाराणी ताराराणीही विधवाच होत्या. १७०० साली पती राजाराम महाराज वारल्यावर त्यांनी औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली, आणि त्यांच्या कपाळावर काय होते हे आपण कोणी विचारत नाही.

कार्यक्रम बंद करा, असे माझे म्हणणे नाही. यादी करण्याआधी प्रत्येकीला एकटीला गाठून विचारावे, नको म्हणणारीला कारण विचारू नये, फोटो तिच्या संमतीशिवाय काढू नये आणि आमच्या खुर्च्या वेगळ्या मांडू नयेत. विधवांसाठी निराळे हळदी-कुंकू भरवण्यापेक्षा संघटनेतल्या भगिनींनी आपापल्या घरच्या हळदी-कुंकवाला शेजारच्या विधवेला बोलवावे. शाहू जयंतीच्या आठवड्यात प्रत्येक तालुक्याच्या गावी वारस नोंदीसाठी एक मदतकेंद्र चालवता आले, तर अर्ज लिहून देण्यासाठी मी स्वतः रोज येऊन बसायला तयार आहे.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर