मिरजेच्या दादांना, त्या चिठ्ठीबद्दल

दादा,
स. न. वि. वि.

काल रात्री जेवणं आटोपल्यावर गिटार घेऊन बसले, ती सव्वा तासाने उठले. उठताना लक्षात आलं की मध्ये एकदाही थांबून खांदा चोळला नव्हता. तेव्हाच ठरवलं की तुम्हाला पत्र लिहायचं, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहायचं. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता. इथे तुम्हाला ते करता येणार नाही.

आपली ओळख गिटारमुळे झालीच नाही. आईच्या तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला, म्हणजे नाद खुलावा म्हणून तारांखालची घोडी घासून घ्यायला, मी सांगलीहून तुमच्याकडे मिरजेच्या वाद्यं घडवणाऱ्यांच्या गल्लीत आले होते. तुम्ही घोडीवर काम करत होता, मी समोर पाटावर बसले होते. डोकं वर न काढता तुम्ही विचारलंत, "ताई, उजव्या खांद्याला काय झालंय?" मी कधीपासून तो दाबत बसले होते, मलाच माहीत नव्हतं.

मग मी सगळं सांगितलं. चाळिशी उलटल्यावर गिटार शिकायला घेतली. पहिली गिटार घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने समोर टांगलेली काढून दिली, सगळे हीच घेतात म्हणाला, मीही घेतली. माझी उंची पाच फूट एक इंच. गिटार ड्रेडनॉट आकाराची, म्हणजे खालच्या बाजूला पेटी जवळपास ४० सेंटिमीटर रुंद आणि बुडाशी बारा सेंटिमीटर खोल. मांडीवर घेतली की काठावरून हात पुढे न्यायला कोपर बाहेर काढावं लागायचं आणि खांदा कानाकडे चढायचा. हातावर काठाचा लाल वळ उठायचा. डाव्या हाताची बोटं दिसावीत म्हणून मी पाठीत वाकायचे. दीड वर्षात खांदा आखडला. फिजिओथेरपी सुरू झाली आणि गिटार कपाटावर गेली. वय झाल्यावर असल्या हौशी करू नयेत, असं मी स्वतःला समजावत होते.

तुम्ही ते मधेच तोडलंत. आईच्या तंबोऱ्यावर हात ठेवून म्हणालात, "हा बायकी तंबोरा आहे. काळी चार पट्टीचा. याचा भोपळा लहान आहे. तुमच्या आईंना कोणी पुरुषी तंबोरा देऊन 'गा' म्हटलं होतं का?"

दादा, ते वाक्य ऐकून मी खरंच गप्प झाले. आमच्या घरात तंबोरा गळ्याप्रमाणे घेतात, हे लहानपणापासून बघत आले. गिटार अंगाप्रमाणे घ्यायची असते, हे तोवर कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी तुम्ही गिटार घेऊन यायला सांगितलंत, पण आल्यावर आधी हातात घेऊ दिली नाहीत. नुसतं स्टुलावर बसवलंत. हात सैल सोडा म्हणालात, मग खांदा न हलवता कोपरातून उजवा हात वर घ्या. तो जिथे थांबला तिथे शिंप्याची टेप लावली. काखेपासून मांडीपर्यंत मोजलं, छातीपासून हाताच्या आतल्या बाजूपर्यंत मोजलं. "आता या जागेत मावेल ती गिटार तुमची," म्हणालात आणि लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून दिलंत: रुंदी ३८ च्या आत, खोली ११ च्या आत, तार ६५० नको, ६३४ बघा.

शेवटचा आकडा मला कळला नव्हता. तारेची वाजती लांबी ६५० ऐवजी ६३४ मिलिमीटर असली, तर तीच तार त्याच सुरात लावायला साधारण पाच टक्के कमी ताण पुरतो. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. माझ्या करंगळीलाही तो पहिल्याच बारे कॉर्डला (एका बोटाने सगळ्या तारा दाबून बाकीची बोटं ताणायची, त्याला) कळला.

ती चिठ्ठी घेऊन भाचीबरोबर पुण्याला गेले. तिथे मी जवळजवळ चुकलेच होते. एक पातळ पेटीची इलेक्ट्रो-अकूस्टिक, म्हणजे वायर लावून स्पीकरवरही वाजवता येते अशी गिटार हातात आली, जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर खोल. इतकी अंगाला चिकटून बसली की डोळ्यांत पाणी आलं. यामाहाची अशा पातळ गिटारींची एपीएक्स मालिका १९८७ पासून आहे आणि स्टेजवर उभं राहून वाजवणाऱ्यांसाठी हा प्रकार फार सोयीचा, असं दुकानातल्या मुलाने सांगितलं, आणि ते खरंच आहे. मी पैसे काढणार, तेवढ्यात भाची म्हणाली, मिरजेला फोन लाव.

फोनवर तुम्ही एकच विचारलंत, "घरी वायर न लावता वाजवणार ना? मग एवढ्याशा पेटीत खर्ज राहणार कुठे?" आणि तंबोऱ्याचं उदाहरण पुन्हा दिलंत. भोपळ्यात हवा कमी तर खालचा सूर भरत नाही. बारीक हवी म्हणून नुसती पातळ घेऊ नका, कंबर आवळलेली बघा. खोली थोडी राहू द्या.

कंबर! तोवर मी फक्त जाडीच बघत होते. तुमचं ऐकून लहान अंगाची, निमुळत्या कमरेची कॉन्सर्ट आकाराची गिटार घेतली. कंबर आत गेलेली असल्यामुळे ती मांडीवर खाली बसते, म्हणून वरचा काठ आपोआप खाली येतो आणि खांदा जागच्या जागी राहतो. खोली वर ९, बुडाशी ११. तार ६३४. तुम्ही सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून वीस मिनिटं वाजवली. दुकानातला मुलगा कंटाळला असेल, पण मी उठले नाही.

या व्यवहारात तुम्हाला एक रुपया मिळाला नाही. तुम्ही गिटारी विकतही नाही. तरी नवी गिटार घेऊन आले, तर तिची अ‍ॅक्शन, म्हणजे पडद्यांपासून तारांची उंची, बघितल्याशिवाय तुम्ही मला जाऊ दिलं नाहीत. बाराव्या पडद्यावर जाड तार तीन मिलिमीटर उंच होती, तुम्हाला अडीच हवी होती. अर्धा मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल, म्हणजे घोडीवरची तारा टेकतात ती पट्टी, एक मिलिमीटर घासावं लागतं, हे तेव्हा कळलं. सॅडलच्या खालच्या बाजूने थोडं थोडं घासत, दर वेळी तार चढवून बघत तुम्ही दोन तास घालवलेत. बाहेर एक सतारीचं गिऱ्हाईक ताटकळत होतं. बाराच्या जागी अकराचा, म्हणजे जरा बारीक तारांचा सेट लावलात आणि पैसे फक्त तारांचे घेतलेत. बसून वाजवतानाही पट्टा गळ्यात घाला, हे जाता जाता सांगितलंत. त्या पट्ट्याने माझी निम्मी पाठ वाचवली.

खांदा बरा केला तो व्यायामाने आणि फिजिओथेरपीच्या ताईंनी, त्यांचं श्रेय त्यांना. पण या गिटारने तो परत दुखावला नाही.

नंतर वाचनात आलं, की ड्रेडनॉट हे नाव १९०६ सालच्या ब्रिटिश युद्धनौकेवरून पडलं आणि मार्टिन कंपनीने तो आकार पहिल्यांदा १९१६ मध्ये बनवला. त्या गिटारचा आवाज दणदणीत आहे, मला तो आजही आवडतो. माझी जुनी गिटार आता भाच्याकडे आहे. तो पावणेसहा फूट आहे, त्याच्या मांडीवर ती शोभते.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात तुमच्या गल्लीचं कौतुक वाचून मला घरचं कार्य असल्यासारखं वाटलं. तिथे वाद्यं कशी घडतात ते सगळे लिहितात. समोरच्या माणसाचा खांदा बघून वाद्य ठरवणारी नजरही त्याच गल्लीतली आहे, हे मला लिहावंसं वाटलं.

आषाढी एकादशीला आमच्या सोसायटीत अभंगांना मी साथ केली, आईने तंबोरा धरला होता. तुम्ही यायला हवं होतं.

आता पावसाने गिटारची वरची फळी थोडी फुगली आहे, तारा उचलल्यासारख्या वाटतात. गणपती झाले की शनिवारी घेऊन येते. आईचा तंबोराही आणीन. या वेळी चहा मी मागवणार आणि मजुरी घ्यायचीच.

तुमची,
सांगलीची ताई