ताक बंद कर

सातारा,
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

प्रिय अव्या,

आधी ते ताक बंद कर. बाकीचं पत्र सावकाश वाच, पण रात्रीचं जेवण आजपासून परत चालू कर.

तुझा मेसेज येऊन आठ दिवस झाले. 'रात्री फक्त ताक, आजपासून सुरू', आणि खाली स्टीलचा पेला हातात धरलेला तुझा फोटो. मी त्यावर अंगठा टाकला आणि फोन पालथा घातला. तू शुगरच्या गोळ्या घेतोस हे मला माहीत आहे. तरी अंगठा टाकला. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू काहीतरी बोलून हसवलं असतंस आणि विषय तिथंच मिटला असता, म्हणून लिहायला बसलोय. कऱ्हाडचं होस्टेल सुटल्यापासून तुला एवढं लांब पत्र लिहिल्याचं आठवत नाही.

मी ताकाने बारीक झालेलो नाही. माझं ऑपरेशन झालंय. गेल्या वर्षी दिवाळीनंतर हर्निया म्हणून मी तीन आठवडे रजेवर होतो बघ, आणि तू फोन करून 'आता जड काही उचलू नकोस' म्हणून दम दिला होतास. तो हर्निया नव्हता. वजन कमी करायचं ऑपरेशन होतं, पुण्यात केलं. वैशाली, आई आणि पुण्यातला मेहुणा, एवढ्यांनाच माहीत होतं. आता तुला.

का लपवलं? जाडीची लाज जन्मभर वागवली. ती जावी म्हणून ऑपरेशन केलं, तर ऑपरेशनचीच लाज वाटायला लागली. लोक म्हणणार, कष्ट नकोत म्हणून पैसे मोजून बारीक झाला. २०११ साली नितीन गडकरींनी हेच वजनाचं ऑपरेशन मुंबईत करून घेतलं, सगळ्या पेपरांत छापून आलं. एवढ्या मोठ्या माणसाला लपवावंसं वाटलं नाही आणि मी, गणिताचा मास्तर, हर्नियाच्या आड बसलो.

मग उन्हाळ्यात स्टाफरूममध्ये सुरू झालं, "सर, डाएट कुणाचं, दीक्षित की दिवेकर?" मी म्हटलं, दोन्ही नाही, रात्री फक्त ताक आणि सकाळी अजिंक्यतारा. त्यातला अजिंक्यतारा खरा आहे. ताक तोंडाला आलं ते बोललो. पण लोकांना इतकं आवडलं ना! स्वस्त, घरचं, आजीने सांगितल्यासारखं. शिपायापासून मुख्याध्यापिकाबाईंपर्यंत सगळे ताकावर. आपल्या ग्रुपवरही मीच ते मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, तू तिथूनच उचललंस.

भूगोलाचे कदम सर आमच्यात सगळ्यात शिस्तीचे. त्यांनी वीस दिवस नेमाने केलं, शुगरच्या गोळ्या मात्र नेहमीच्याच चालू ठेवल्या. एकविसाव्या पहाटे साखर एकदम उतरली. घामाने गंजीफ्रॉक भिजलेला, बायकोला ओळखेनात. पोराने प्रसंगावधान राखून साखरेचं पाणी पाजलं आणि दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी मी भेटायला गेलो तर हात धरून म्हणाले, "माझ्यातच जिद्द कमी, सर. तुमच्यासारखं नाही जमलं." मी मोसंबी ठेवून आलो. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही, आणि नेमका तुझा पेल्याचा फोटो आला.

तर आता खरं काय ते ऐक.

वजन होतं १३७, बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजन) ४६. शुगरच्या तीन गोळ्या, वर ॲसिडिटी, आणि झोपेत श्वास अडायचा म्हणून रात्री तोंडावर मशीनचा मास्क. एसटीत माझ्या शेजारी बसलेला माणूस दोन थांबे कळ काढायचा आणि मग उगाच उभा राहायचा. पण खरं लागलं ते वर्गात. माझ्या हातून खडू पडला की पहिल्या बाकावरचं पोर मी न सांगता उठायचं आणि उचलून द्यायचं. वर्षं बदलली, पोरं बदलली, पण त्या बाकावर बसणाऱ्याला ते आपोआप कळायचं. मला वाकता येत नाही हे सातवी ते दहावी सगळ्यांना पाठ होतं. उपास, डबे, पावडरी सगळं करून झालं होतं. दोनदा वीस-वीस किलो घालवले आणि दोन्ही वेळा पंचवीस परत आणले. सर्जन म्हणाले, यात तुमची आळशी वृत्ती शोधू नका. वजन उतरलं की शरीर भूक वाढवून ते परत मागतं.

माझी बायपास झाली. हृदयाची नव्हे, जठराची. जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलीची पिशवी वेगळी काढतात आणि तिला लहान आतडं थेट जोडतात. बाकीचं जठर आतच राहतं, त्याचा रस पुढे जाऊन मिळतो. पुणे-बंगळूर हायवे जसा साताऱ्यात न शिरता बाहेरून जातो, तसं अन्न आता बाहेरून जातं. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे स्लीव्हमध्ये, जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढूनच टाकतात. त्याने काहींची ॲसिडिटी वाढते, आणि मला तर ती आधीचीच, म्हणून मला बायपास सांगितली.

आधी दोन आठवडे जवळपास नुसतं प्रोटीनचं पाणी. लिव्हरवर चरबी असते, ती उतरून लिव्हर आकसलं की दुर्बीण घालायला जागा होते. ते दोन आठवडे नेमके दिवाळीचे! घरभर चकलीचा वास आणि मी व्हॅनिलाचा पेला धरून बसलोय. पाडव्याला बहीण रागावून गेली, तिने केलेल्या अनारशाला मी हात लावला नाही म्हणून.

ऑपरेशनचं दुखणं तुला वाटतं तेवढं नाही. पोटाला पाच भोकं. दुखतो तो खांदा, कारण पोट फुगवायला आत गॅस भरतात. त्याच संध्याकाळी उभं करून चालवलं, पायांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून. श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचं ते प्लॅस्टिकचं खेळणं दर तासाला. आणि पाणी प्यायचं खोकल्याच्या औषधाच्या मापाने. ३० मिली, घोटघोट, पंधरा मिनिटं पुरवायचं. भर तहानेत ते झाकण बघून मला रडू आलं होतं, कुणाला सांगू नकोस. चौथ्या दिवशी घरी आलो, सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्ये उशी धरून. खंबाटकीच्या प्रत्येक वळणावर मेहुणा विचारायचा, "भाऊजी, ठीक ना?"

अवघड ते पुढेच आहे. दोन आठवडे गाळलेलं डाळीचं पाणी, शहाळं, पातळ ताक (हो, ताक! ताकाबद्दलच्या माझ्या बोलण्यात तेवढंच काय ते खरं). मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं. मग मऊ. आमटीची फोडणी पडली की मी गच्चीवर जायचो. भूक लागत नव्हती बरं का, महिनोन् महिने भूक अशी नव्हतीच. पण जेवायची वेळ झाली की माणूस कुठे जाईल? आपलं सगळं बोलणं पानावर बसून होतं. वैशाली मला वाढून मग समोर बसायची, ती आता ओट्यापाशी उभ्याने जेवून घ्यायला लागली. विचारलं तर म्हणाली, "तुम्ही चार चमच्यांत उठता, मग मी कुणासमोर जेवू?" याची तयारी मला कुणी करून दिली नव्हती. आता मी अर्ध्या तासात एक वाटी संपवतो, आणि तो अर्धा तास तिच्यासमोर बसून.

दुसऱ्या महिन्यात शाळेत डबा खाताना घंटा झाली म्हणून भाकरीचा एक घास घाईत गिळला. तो छातीत असा अडकला की मी स्टाफच्या बाथरूममध्ये बेसिनवर चाळीस मिनिटं, तोंडातून नुसती फेसाळ लाळ. बाहेर पोरं पाढे म्हणतायत. तेव्हापासून घास पंचवीस-तीस वेळा चावतो. जेवताना पाणी नाही. आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही.

आणि पेढा! एका सरांचा सेवानिवृत्तीचा कार्यक्रम, कंदी पेढे वाटले. साताऱ्यात राहून पेढ्याला नाही म्हणणं जड जातं रे. अर्धाच खाल्ला. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधड धडधड, कानशिलं गरम, अंगाला घाम, पोटात कळ. साखर एकदम आतड्यात उतरली की असं होतं, त्याला डंपिंग म्हणतात. मी खुर्चीत डोळे मिटून बसलो, आणि सूत्रसंचालिका माइकवरून म्हणाल्या, "सर भावुक झालेत."

बाकीचं भराभर सांगतो. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गेले, नवव्यापर्यंत बरेचसे आले. तिसऱ्या आठवड्यात वजनाचा काटा हलेचना, मी सर्जनांना फोन करून भांडलो. ते म्हणाले, सगळ्यांचं होतं, काट्याकडे रोज बघू नका. थंडी सोसत नाही. आज दोन स्वेटर घालून लिहितोय. लाकडी बाकावर बसलं की बुडाची हाडं टोचतात, ती मला आहेत हेच माहीत नव्हतं. पोटाची कातडी झोळीसारखी लोंबते, घडीत पावडर घालावी लागते, उन्हाळ्यात चट्टे येतात. फळ्यावर लिहिताना दंडाखालची कातडी हलते म्हणून मी पूर्ण बाह्यांचे शर्ट शिवून घेतले. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने वेगळी गोळी. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जन्मभर, त्यात लोह आणि कॅल्शियम एकत्र नाही, मध्ये दोन तास. डोकं दुखलं म्हणून दुकानातून ब्रुफेन आणायची सोय संपली, त्याने पिशवी आणि आतड्याच्या जोडाला अल्सर होतो. दारूचं मी विचारलंच नव्हतं, तुला मुद्दाम सांगतो: बायपासनंतर ती फार लवकर चढते. दिवसाला ६०-७० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं, त्यासाठी अंडी, पनीर, मुगाचं धिरडं, चिकन यांचं मी वहीत गणित मांडतो. निदान ते तरी मला येतं.

मिळालं काय तेही सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल रडगाणं लावलंय. आज ९४ किलो. शुगरच्या तीन गोळ्यांतल्या दोन महिन्याभरात बंद झाल्या, तिसरी मार्चमध्ये. तीन महिन्यांची सरासरी ९.४ वरून ६.१. श्वासाचं मशीन परत केलं. आणि जूनमध्ये आठवीच्या वर्गात खडू पडला. पहिल्या बाकावरचं पोर सवयीने अर्धं उठलं, तोवर मी वाकून खडू उचलला होता. ते तसंच अर्धवट उभं राहिलं, काय करावं कळेना त्याला. मग बसलं. मी फळ्याकडे तोंड करून बराच वेळ काहीतरी पुसत होतो.

पण काम संपलेलं नाही. दिवाळीपासून भूक परत यायला लागलीय, खरीखुरी, जुनी ओळखीची. मध्यंतरी काटा ९६ पर्यंत जाऊन आला. यातली गंमत बघ, भाकरी अडते पण फरसाण अडत नाही, कुरकुरीत चुरा सुळकन उतरतो. एका रात्री दीड वाजता मी फरसाणाच्या डब्यात हात घातलेला, आणि दारात आई. काही बोलली नाही, दिवा लावून गेली. ऑपरेशन पोटाचं होतं, डब्याकडे जाणाऱ्या हाताचं नव्हे. दर महिन्याला मानसतज्ज्ञ बाईंकडे जातो, तेही स्टाफला 'दाताचं काम' म्हणून सांगितलंय. माझे दात आता फारच पक्के झाले असतील.

तू करावंस की नाही, हे मी सांगणार नाही. तुझं वजन, तुझी शुगर वेगळी. कदाचित तुला याची गरजही नसेल. माझा खर्च साडेचार लाखांच्या घरात गेला, शिक्षक पतसंस्थेचं कर्ज अजून फिटतंय. तुझी पॉलिसी असेल तर आधी त्यातली लठ्ठपणाची अट वाच. बऱ्याच पॉलिसीत बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार. पण उद्याच तुझ्या डॉक्टरकडे जा, आठ दिवस रात्री काय केलंस ते खरं सांग आणि साखर तपासून घे.

होस्टेलवर मला 'ढोल्या' हे नाव तू ठेवलंस. मी हसायचो, कारण हसलो नसतो तर ते अजून घट्ट बसलं असतं. परवा ग्रुपवर तू लिहिलंस, 'ढोल्या जिंकला.' त्यावरही मी अंगठा टाकला होता. तो मात्र परत घेतो.

कदम सरांना अजून सांगितलेलं नाही. उद्या शनिवार, सकाळची शाळा. साडेदहाच्या सुट्टीत ते माझ्या शेजारी बसून डबा उघडतात आणि मला एक चतकोर पोळी काढून देतात, मी घेत नाही तरी. उद्या ती हातात घेईन आणि सांगेन असं आत्ता तरी ठरवलंय. संध्याकाळी फोन करतो.

तुझा,
विन्या

ता. क. — ही दोन अक्षरं लिहिताना माझाच हात थबकला, तूही हसून घे. जानेवारीत येशील तेव्हा येताना गोड काही आणू नकोस. आणि पेल्याचा तो फोटो ग्रुपवरून काढून टाक, दोघातिघांनी खाली 'आम्हीपण' लिहिलंय.