गोळ्या तुम्ही चुकवल्या नव्हत्यात

मुलुंड, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बाबा ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतात, म्हणून लिहिते आहे.

बाबा, स्टेंटमध्ये गुठळी झाली तेव्हा वॉर्डात सगळ्यांसमोर मी म्हणाले, “गोळ्या चुकवल्या असणार.” तुम्ही काहीच बोलला नाहीत. आई रिकाम्या पट्ट्या दाखवत होती, त्याही मी बघितल्या नाहीत.

जनुकांच्या तपासणीचा रिपोर्ट आलाय. गुठळी होऊ नये म्हणून दिलेली तुमची गोळी, क्लोपिडोग्रेल, पोटात जाते तेव्हा निष्क्रियच असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम तिला कामाला लावतं. त्या एन्झाइमच्या जनुकाच्या तुमच्याकडच्या दोन्ही प्रती, आजीकडून आलेली आणि आजोबांकडून आलेली, निकामी निघाल्या. गोळी तुम्ही रोज घेतलीत, ती पुरेशी लागूच पडत नव्हती. गुठळी त्यामुळेच झाली असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणत नाहीत. पण अमेरिकेत २०१० पासून या गोळीवर अशा रुग्णांसाठी ठळक इशारा छापतात, आणि आपल्याकडे अशी माणसं युरोपपेक्षा जास्त आहेत.

म्हणून तुम्हाला न विचारता मी गोळी बदलायला होकार दिला. नव्या गोळीला, टिकाग्रेलॉरला, या एन्झाइमची गरज नसते. पैशांचं काढू नका, ते मी बघते. ‘नेहमीचीच तपासणी’ म्हणून कागदावर सही घेतली, ते चुकलंच माझं. पण खरं सांगितलं असतं तर तुम्ही खर्चाचं ऐकून उठून गेला असतात. माझ्या तापात तुम्ही क्रोसिनची पूड गुळात लपवायचात ना, तसं समजा.

बाकी काही बदलत नाही. चौपाटीची फेरी, चारचा चहा, गॅलरीतली खुर्ची, सगळं तसंच.

आई, आता नीट वाच. ही गोळी दिवसातून दोनदा, सकाळी आठ आणि रात्री आठ. ॲस्पिरिन चालूच. जुनी पट्टी डब्यातून आजच काढ. गुडघ्यांसाठी आणलेली तुझी दुखण्यावरची गोळी बाबांना देऊ नकोस, रक्तस्राव होऊ शकतो. धाप लागल्यासारखं वाटलं तर लपवायचं नाही, रात्रीचे दोन असले तरी मला फोन. मनाने गोळी बंद करायची नाही, एक दिवससुद्धा.

अण्णाकाकांनाही रिपोर्ट दाखवा, सख्ख्या भावाचंही असंच असू शकतं. आणि बाबा, त्या निकामी जनुकाची एक प्रत माझ्याकडे आलेलीच आहे. नाक तुमचं, चिडणं तुमचं, आता हेही.

शनिवारी येते. त्या रिकाम्या पट्ट्या अजून असतील तर टाकू नकोस, आई.

तुमची,
छकू