टाकी भरली की ओरडणारा डबा

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दिवाळीच्या सुट्टीसाठी तीन प्रोजेक्ट सांगितलेस, पट्टीवरची गाडी, कुंड्यांचं पाणी आणि टाकी भरल्याचा अलार्म, आणि "आई, तूच ठरव" म्हणालास. मी बोलायला लागले की तिकडून नुसतं "हो, हो" येतं, म्हणून लिहूनच पाठवते. निवांत वाच.

जमिनीवरची पट्टी ओळखून तिच्यावरून धावणारी गाडी नको. गणपतीतली ब्लूटूथची गाडी आठव. सोफ्यापर्यंत गेली आणि मान टाकली. तू तीनदा प्रोग्रॅम बदललास आणि शेवटी मी मीटर लावला. मोटार फिरायला लागली की त्या चौकोनी नऊ व्होल्टच्या सेलचा काटा सहाच्या खाली. तो सेल मोटारी ओढायला नसतोच रे, त्याच्या पोटातच एवढा विरोध असतो. ती गाडी अजून कपाटावर आहे. तिला बहीण नको.

कुंड्यांना आपोआप पाणी घालायचं यंत्र चांगलं आहे, पण आपल्या कुंड्या तीन, आणि त्यांना पाणी आजी घालते. सकाळचं तेवढंच काम तिच्याकडे उरलंय, ते काढून घेऊ नकोस.

राहिली टाकी. तीच कर. दिवसाआड येणारं पाणी आपण चढवतो आणि त्यातलं किती गच्चीवरून खाली वाहतं ते तुझ्या बाबांना विचार. खालच्या काकू आता वरती ओरडतही नाहीत, नुसती खिडकी आपटतात. पण तू म्हणतोस तशी नको. ईएसपी ३२चा वायफाय बोर्ड, मोबाइलवर पाणी किती टक्के ते, वगैरे. तू हॉस्टेलला गेल्यावर वायफायचा पासवर्ड बदलला की ते बंद. मग मी कोणाला विचारू? मला हवी अशी वस्तू, की बिघडली तर झाकण उघडून, मीटर लावून मी स्वतः दुरुस्त करीन. साडेचार वर्षं भोसरीला पीसीबीच्या, म्हणजे सर्किट बोर्डांच्या, टेबलावर बसलेय. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला डाग, मला चष्म्याशिवाय दिसतो, पण तुझा प्रोग्रॅम चष्मा लावूनही दिसत नाही.

तुझ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरबद्दल, जो झाकणातून आवाज सोडून पाण्याचं अंतर मोजतो. आवाज जाऊन परत यायला सेंटिमीटरमागे ५८ मायक्रोसेकंद, हे तू छान समजावलंस. पण एकदा सकाळी टाकीचं झाकण आतून बघ, नुसते थेंब लटकलेले असतात. सेन्सरच्या त्या दोन डोळ्यांवर पाणी बसलं की तो काहीबाही आकडे सांगणार. पाण्यात चालणारा एकडोळ्या मिळतो, पण तो पहिले वीसेक सेंटिमीटर आंधळा असतो. आणि टाकी भरत आली की पाणी नेमकं तिथेच असतं.

आणि पाण्यात सोडायचे उघड्या तारांचे प्रोबही नकोत. पाच वर्षांपूर्वी दुकानातून तसाच एक अलार्म आणला होता, आठवतो? चार-सहा महिने वाजला आणि गप्प झाला. मी वर चढून बघितलं तर प्रोबचा एक स्क्रू जसाच्या तसा आणि दुसरा खाऊन काडीएवढा झालेला, वर हिरवट राप. पाण्यातून सतत एकाच दिशेने डीसी गेला की प्लसकडचा धातू विरघळत जातो, भांड्याला मुलामा देतात तेच उलटं. थोडा थोडा वेळ करंट देऊन ते टाळता येतं हे मला माहीत आहे, पण टाळायची भानगडच कशाला?

फ्लोट स्विच घे. दांडीत काचेची बारीक रीड, म्हणजे लोहचुंबक जवळ आलं की जुळणाऱ्या दोन पत्त्या, आणि बाहेरच्या बोंडात लोहचुंबक. पाणी वर आलं की बोंड उचलतं, रीड जुळते. विजेचा आणि पाण्याचा संबंधच नाही. त्याच्यापुढे एक ५५५, ठरावीक वेळाने चालू-बंद करणारी टायमर आयसी. हसू नकोस. ती आयसी १९७२ साली बाजारात आली, म्हणजे माझ्यापेक्षा मोठी, आणि अजून कुठल्याही दुकानात मागितली की मिळते. वरचा रोध १० के, म्हणजे किलोओहम, खालचा ६८ के, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड. गणित तू करून बघ, सेकंदाला साधारण एक बीप यायला हवी. बारा व्होल्टचा बझर थेट तीन नंबरच्या, आउटपुटच्या पिनवर चालतो, ट्रान्झिस्टरही लागत नाही. बाबांच्या जुन्या राउटरचा बारा व्होल्टचा अडॅप्टर माळ्यावर आहे. फ्लोट सप्लायच्या वाटेत घाल, म्हणजे टाकी भरली तरच सर्किट जागं होईल.

आता एक गोष्ट, जी त्या दुकानातल्या डब्यात नव्हती. अलार्म गप्प आहे म्हणजे टाकी भरली नाही, की अलार्म मेलाय? दोन्ही सारखंच ऐकू येतं. म्हणून डब्यावर एक हिरवा एलईडी फ्लोटच्या अलीकडे, थेट सप्लायवर, कायम जळता ठेव, १ के चा रोध लावून. आणि फ्लोटच्या दोन टोकांवर एक तपासणीचं बटण घाल. ते स्वयंपाकघरातल्या डब्यावर नको हं, गच्चीवर फ्लोटच्या शेजारी. खाली लावलंस तर मधली पंधरा मीटर वायर तपासलीच जात नाही, आणि तुटते ती नेहमी वायरच. कपडे वाळत घालायला मी वर जातेच, जाता जाता दाबीन. खाली आजी ओरडली "वाजलं गं" की झालं.

पंपाची मोटार आपोआप बंद करायची कल्पना या खेपेला राहू दे. ती निळी चौकोनी रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, तिच्यावर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण मोटार सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी वर ओढते. कॉन्टॅक्ट चिकटले की रात्रभर मोटार चालू. २३० व्होल्टला हात लावायचाच असेल तर मी समोर बसलेली असताना, मोटारीसाठीचा दणकट स्विच, कॉन्टॅक्टर, आणून, पुढच्या सुट्टीत.

तुझा ईएसपी अगदीच मनातून जात नसेल तर नंतर बाजूला जोड. तो बंद पडला तरी बझर वाजला पाहिजे, एवढी एकच अट.

स्वारगेटला उतरलास की तसाच तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जा. ५५५ दोन आण, एक जळणारच. आयसी ज्यात खोचायची तो आयसी बेस विसरू नकोस, आठ पिनांचा. थेट बोर्डावर डाग दिलास तर बदलताना ट्रॅक उखडतो, मागे रडला होतास. फ्लोट दुकानातच मीटरवर बोंड वर-खाली करून बघून घे, आणि बोंड वर गेल्यावर जुळतो ना ते बघ. काही ठिकाणी उलटा मिळतो, त्याला बोंड काढून पालथं घालावं लागतं. वायर चार कोअरची, म्हणजे आत चार तारा असलेली, घे, दोन शिल्लक राहू देत.

सोल्डर आणू नकोस, माझ्याकडे अर्धं रीळ पडून आहे. आणि मल्टिमीटरचा सेल गेलाय, चौकोनी नऊ व्होल्टचा एक आण. मीटरला तो बरोबर चालतो.

तुझी,
आई