चित्रातला मनोरा कॅरीच्या मंडळीचा नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत भारतातल्या जुन्या छापखान्यांवर लेख आला आणि सकाळी नऊच्या आत शेजारचे दोघे पेपर घेऊन माझ्या दारात हजर. “काका, आपल्या गावात इतकं जुनं बॅप्टिस्ट चर्च आहे आणि आम्हाला पत्ताच नाही?” लेखात नुसतं ‘श्रीरामपूर’ छापलं होतं, आणि मी राहतो तेही श्रीरामपूरच, जिल्हा अहिल्यानगर. लेखातलं गाव बंगालमधलं. कोलकात्याहून पंचविसेक किलोमीटर उत्तरेला, हुगळीच्या काठी. इंग्रजांच्या तोंडी त्याचं सेरामपूर झालं, म्हणून मीही पुढे तसंच लिहितो.

हा घोटाळा हसून सोडून देता येईल. पण चित्राखाली ‘विल्यम कॅरीचे बॅप्टिस्ट चर्च’ अशी ओळ आहे, ती सोडवत नाही. (कॅरी म्हणजे सेरामपूरला छापखाना काढणारा, बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचा इंग्रज मिशनरी.) छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून माझी हयात गेली. मजकूर डोळ्यांत तेल घालून वाचायचा आणि चित्राखालची ओळ मात्र शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी टाकायची, हे पूर्वीही असंच चालायचं.

चित्रातली इमारत सेंट ओलाव्ह चर्चची. भिंग घेऊन पाहा, दर्शनी त्रिकोणावर मुकुटाखाली डेन्मार्कच्या सातव्या ख्रिश्चन राजाची मुद्राक्षरं दिसतील. सेरामपूर १८४५ पर्यंत डॅनिश लोकांचं होतं आणि हे त्यांचं लुथरन पंथाचं चर्च. गव्हर्नर ओले बी याने वर्गणी जमवून काम काढलं, ते पुरं झालं १८०६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. नदीपलीकडे बराकपूरला राहणाऱ्या इंग्रज गव्हर्नर जनरल वेलस्लीनेही वर्गणी दिली. आपल्या बागेतून समोरच्या काठावर एक मनोरा दिसला की देखावा पुरा होईल, असं तो म्हणाल्याचं सांगतात. वर्गणी मागणाऱ्याने कारण विचारायचं नसतं! अलीकडे डॅनिश लोकांच्याच पुढाकाराने इमारतीची डागडुजी झाली आणि २०१६ मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. काही वर्षांपूर्वी बराकपूरच्या धोबी घाटावरून होडीने पलीकडे जाताना मीही तो मनोरा पाहिला आणि तुमच्या लेखकासारखाच फसलो होतो, हे कबूल करतो. कॅरी आणि त्याचे सोबती त्या चर्चमध्ये प्रवचनं देत, एवढाच संबंध.

मग बॅप्टिस्टांचं चर्च कुठं होतं? आमच्या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती मोठी. ते लोक ‘मंडळी’ हा शब्द माणसांसाठी वापरतात, इमारतीसाठी नाही. सेरामपूरची गोष्ट या शब्दाने चटकन कळते. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून मूळचा चांभारकाम करणारा कॅरी १० जानेवारी १८०० रोजी कंपनीच्या मुलखातला नीळ कारखाना सोडून डॅनिशांच्या आश्रयाला आला. त्याचे सोबती मिशनरी, मार्शमन आणि छपाईत मुरलेला वॉर्ड, आधीच तिथे पोचले होते. तिघांनी मिळून नदीकाठचं एक मोठं घर सहा हजार रुपयांना घेतलं. त्याच्या मधल्या दिवाणखान्यात उपासना सुरू झाली आणि २४ एप्रिलला मंडळी रीतसर स्थापन झाली. मनोरा नाही, घंटा नाही. त्याच आवारात छापखाना, शाळा आणि सगळ्यांची एक पंगत.

बॅप्टिस्ट तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. जाणत्या माणसाने आपणहून मागायचा आणि पाण्यात पूर्ण बुडून घ्यायचा, त्यामुळे त्यांना नदी पुरते. २८ डिसेंबर १८०० ला रविवार होता. एका बाजूला थोरला मुलगा फेलिक्स, दुसऱ्या बाजूला कृष्ण पाल नावाचा सुतार, असा कॅरी घाटावर आला. आम्ही हे पाणी पवित्र मानत नाही, हे साधं पाणी आहे, असं त्याने जमलेल्या लोकांना आधी सांगितलं. तेही हुगळीच्या, म्हणजे गंगेच्याच फाट्याच्या, काठावर उभं राहून. गव्हर्नर बीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच वेळी आवारात कॅरीची बायको डोरोथी वेडाच्या भरात ओरडत होती. आणि कृष्णाचा निखळलेला हात बसवून त्याला मंडळीपर्यंत आणणारा कॅरीचा सोबती डॉक्टर थॉमस, त्यालाही आनंदाने भ्रम होऊन कोंडून ठेवावं लागलं होतं. मिशनचा इतिहास लिहिणारे हा भाग घाईने उरकतात, मला तो सोडवत नाही.

या कृष्ण सुताराने पुढे आपल्या घरासमोर स्वतः एक उपासनाघर उभारलं. बंगाली माणसाने बांधलेलं पहिलं, असं मिशनरी त्याला म्हणत. चित्र छापायचंच तर मी त्याचं मागितलं असतं, पण कॅमेरा यायला अजून बराच अवकाश होता.

आता मराठीचं. लेखात सेरामपूरच्या मराठी पुस्तकांना अर्धं वाक्य मिळालंय. कंपनीच्या इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवी आणि पगार मंडळीच्या सामाईक तिजोरीत टाकी. म्हणजे त्या घराचा खर्च थोडाफार आपल्या भाषेनेही उचलला. पंडित वैजनाथांच्या मदतीने त्याने केलेलं मराठी व्याकरण १८०५ मध्ये नागरीत निघालं आणि १८१० चा कोश मोडीत. मोडीचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, पाडायचे म्हणजे काय, हे ज्याने खिळे जुळवलेत त्याला विचारा. हात न उचलता लिहायची लिपी ती, तिचं एकेक अक्षर सुटं करून शिशात ओतायचं! ११ मार्च १८१२ ला छापखाना जळाला, ढीगभर खिळे वितळले. ठसे आणि साचे बचावले, म्हणून काही महिन्यांत छपाई पुन्हा सुरू झाली.

त्या आवारावर पुढे ज्यूट मिल उभी राहिली. मिशनच्या दफनभूमीत मात्र कॅरीचं थडगं आहे. आपल्या नावापुढे फक्त जन्ममृत्यूच्या तारखा आणि स्वतःला असहाय किडा म्हणवणारी एका भजनाची ओळ कोरा, जास्त काही नको, असं तो बजावून गेला होता.

तेव्हा कृपया दुरुस्ती छापावी: ‘चित्रात सेंट ओलाव्ह चर्च, लुथरन, १८०६.’ आणि गावाच्या नावापुढे कंसात ‘पश्चिम बंगाल’ तेवढं टाका. काल रिक्षावाल्यानेही विचारलं, काका, ते चर्च स्टेशनच्या अलीकडे का पलीकडे?

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
श्रीरामपूर (जि. अहिल्यानगर)