गळीत हंगाम तोंडावर आलाय, गाडीच्या रंगाचं आत्ताच बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

थंडीत गाडीची काळजी कशी घ्यायची यावर पेपरात अधूनमधून येत असतंय, बॅटरी, टायरची हवा, काचेवरचं धुकं, सगळं बरोबर आहे पण रंगाबद्दल कुणीच लिहीत नाही, आणि जे लिहितात ते बर्फाच्या देशातलं, तिकडं रस्त्यावर मीठ टाकतात त्यापासून रंग वाचवायचा वगैरे. आपल्या बेळगाव, चिकोडी, निपाणी भागात रस्त्यावर मीठ कुठलं ओ? आपल्याकडं थंडी म्हणजे दव आणि राख.

माझी सासुरवाडी चिकोडीकडं, चहूकडं ऊस. गळीत सुरू झालं की रात्री अंगणात लावलेली गाडी सकाळी बघवत नाही, बोनेटवर, टपावर काळ्या बारीक कणांचा थर आणि त्यावर दव पडून सगळं चिकटलेलं. कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाचं चिपाड जाळतात त्याची ती राख, शिवाय रानात पाचट पेटवतात त्याची वेगळी. या राखेत सिलिका भरपूर असतंय, म्हणजे वाळूत जे असतंय तेच. मेहुणा प्रेमानं म्हणतो, दाजी थांबा मी पुसून देतो, आणि कोरडं फडकं घेऊन गरागरा पुसतो. उन्हात गाडी उभी केल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतात ना, ते असेच पडतात. माझं घर अनगोळला, तिथं उद्यमबाग ही कारखान्यांची वसाहत जवळ असल्यामुळं फौंड्रीतली लोखंडाची बारीक धूळ, ती रंगात रुतून दव लागलं की तांबूस ठिपके उठतात. म्हणजे गावाकडं एक आणि शहरात एक.

आता मुद्द्याचं. दुकानात जाऊन वॅक्स द्या म्हटलं की पुष्कळ वेळा हातात पॉलिश पडतंय, आणि ही दोन अगदी उलटी कामं आहेत. पॉलिश किंवा रबिंग कंपाऊंड रंग घासतं, वरचा थर थोडा काढून चकाकी आणतं. वॅक्स काही काढत नाही, वरून एक पातळ थर देतं. आजकालच्या गाड्यांना रंगाच्या वर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ, तो कितीदा घासणार? माझ्या वडिलांनी २००९ ला मरून रंगाची गाडी घेतली, दर दिवाळीला एका दुकानातून वॅक्स म्हणून डबी आणायची आणि आम्ही दोघं मिळून जीव लावून घासायचो, सात-आठ वर्षं. ते रबिंग होतं हे मला फार उशिरा कळलं. बोनेटच्या कडा आणि टप पांढुरके पडले, पापुद्रे सुटायला लागले. मेस्त्री म्हणाला क्लिअर कोटच राहिला नाही, आता कुठलंही वॅक्स लावा उपयोग नाही, रंगच मारायला पाहिजे. वडिलांना फार लागलं ते, एवढी निगा राखून असं झालं म्हणून.

म्हणून विकत घेताना एकच विचारा, यात घासणारं काही आहे का? क्लीनर वॅक्स म्हणून जे मिळतंय त्यातही थोडं असतंय, जुन्या मंद पडलेल्या रंगाला एखादवेळ चालेल, दरवर्षी नको.

मग कुठलं वॅक्स? कार्नोबा सगळ्यांना माहीत आहे, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानावरचं मेण ते. गडद रंगावर त्याच्यासारखी खोल चमक दुसऱ्या कशाला नाही, मला स्वतःला तेच आवडतं, पण टिकतं जेमतेम दीड-दोन महिने. आपला हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो, म्हणजे मध्ये परत लावणं आलं. पॉलिमर सीलंट, म्हणजे सिंथेटिक वॅक्स, नीट लावलं तर चार-पाच महिने जातंय. दिवाळीला लावलं की शिमग्यापर्यंत काळजी नाही, आपल्या भागाला तेच सोयीचं. चमक पाहिजेच असेल तर सीलंट बसल्यावर दुसऱ्या दिवशी वरून कार्नोबाचा हात द्या. स्प्रे वॅक्स काही आठवड्यांचं, धुतल्यावर मधूनमधून मारायला चांगलं, त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर घट्ट बसणारा कडक थर, वर्षानुवर्षं टिकतं पण खर्च मोठा, आणि कोरड्या फडक्यानं राख पुसली तर चरे त्यावरही पडतातच. डिझेलचं फडकं फिरवायची आपल्याकडं जुनी सवय आहे, ती कृपा करून सोडा, तेलकटपणा राहतो आणि धूळ आणखी चिकटते.

लावायचं कठीण नाही. आधी भरपूर पाण्यानं राख वाहून जाऊ द्या, मग कार शाम्पू. भांड्याचा साबण किंवा कपड्याची पावडर नको, लावलेलं वॅक्स त्यानं निघून जातंय. हात फिरवून खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा, फिरवा, पाणी-शाम्पू सोडत, कोरडा नको. गाडी सावलीत, पत्रा थंड. दव पूर्ण सुकलेलं पाहिजे म्हणून सकाळी सातला नको, दहानंतर बसा. थर जितका पातळ तितका चांगला, जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, पुसताना हात मात्र दुखतात. अख्ख्या छोट्या गाडीला दोन-तीन चमचे पुरतंय. धुरकट झालं की स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा. काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, पांढरे डाग बसतात. आणि दिवाळीआधी नवीन रंग मारून घेतला असेल तर लगेच वॅक्स नको, आतलं सॉल्व्हंट उडून जायला महिना ते तीन महिने लागतात, पेंटरला विचारूनच लावा.

थर राहिलाय का बघायला पाणी मारा, गोल थेंब होऊन घसरलं तर आहे, चादरीसारखं पसरून बसलं तर संपला.

आपल्या भागातल्या दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे, गिऱ्हाईक वॅक्स मागतंय तेव्हा घासायचं पॉलिश त्याच नावानं देऊ नका. आणि संपादक साहेब, पत्र छापणार असाल तर दिवाळीच्या आधी छापा, एकदा धुराडी पेटली की वॅक्स लावायला कोरडी स्वच्छ गाडी सापडणं अवघड होतंय.

आपला,
एक नियमित वाचक, अनगोळ, बेळगाव