फुकटची पॉवर बँक आणि तिच्यावर न छापलेले आकडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईत बीकेसी असो, पवई असो की लोअर परळ, स्टार्टअपवाल्यांच्या मेळाव्यातून निघताना हातात एक कापडी पिशवी येते. पाण्याची बाटली, वही, पेन, दोन-चार माहितीपत्रके आणि हल्ली हटकून एक पॉवर बँक. दिवाळीत कंपन्या कर्मचाऱ्यांना वाटतात तीही याच जातकुळीची. वर देणाऱ्याचे ठसठशीत बोधचिन्ह, खाली ‘१०,००० एमएएच’ (मिलिअँपिअर-अवर, म्हणजे साठवणुकीचा आकडा) आणि बाकी सगळे कोरे. वस्तू विजेची, पण तिची खरेदी होते वही-पेनाच्या खात्यातून, शेकड्याच्या भावाने. गफलत तिथेच आहे.

बरे, ती कपाटातच पडून राहील म्हणावे तर तसेही नाही. अशा मेळाव्यात फोनचे हाल असतात. प्रवेश क्यूआरवर, ओळखपाळख क्यूआरवर, आणि सभागृहाचे वायफाय बसले की लॅपटॉपला हॉटस्पॉट फोनचाच. दुपारी चारला बॅटरी पंधरा टक्क्यांवर आली की नवीकोरी पॉवर बँक पिशवीतून बाहेर निघते. पुढे लोकलचे तिकीट फोनमध्ये, मेट्रोचे फोनमध्ये, रिक्षाचे पैसेही फोनमध्ये. कागदविरहित तिकीट काढलेले असूनही फोन बंद पडला, तर तपासनिसाला दाखवणार काय? विनातिकीट प्रवासाचा दंड किमान २५० रुपये, भाडे वेगळे. मेट्रोपुरते तरी खिशात एनसीएमसी, म्हणजे प्रवासाचे सामायिक, कार्ड ठेवावे, त्याला चार्जिंग लागत नाही.

आता तो १०,०००चा आकडा. तो आतल्या सेलचा असतो आणि सेलचा व्होल्टेज ३.७. गुणाकार करून हजाराने भागले की ३७ वॉट-अवर होतात, ही आत साठलेली एकूण ऊर्जा. केबलमधून वीज बाहेर पडते ती ५ व्होल्टने, म्हणजे थेंबही न सांडता ७,४०० एमएएच. व्होल्टेज चढवणारे सर्किट त्यातले दहा-पंधरा टक्के उष्णतेत घालवते. हाती उरतात ६,३००च्या आसपास. नावाजलेले उत्पादक हा आकडा ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून बारीक अक्षरांत का होईना, छापतात. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-अवरची असते आणि फोनमध्ये उतरतानाही थोडी गळती होतेच. त्यामुळे असा फोन दोनदा भरत नाही, जेमतेम दीड वेळा भरतो. इथवर लबाडी काही नाही. लबाडी पुढे आहे.

ती पकडायला स्वयंपाकघरातला वजनकाटा बऱ्यापैकी कामाला येतो. चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये एका किलोला साधारण २५० वॉट-अवर मावतात. म्हणजे ३७ वॉट-अवरसाठी नुसते सेलच दीडशे ग्रॅम हवेत. कवच आणि सर्किट धरून १०,०००ची पॉवर बँक १८० ते २३० ग्रॅम भरते, २०,०००ची साडेतीनशेच्या पुढे. ‘२०,०००’ छापलेली आणि दोनशे ग्रॅमची वस्तू हातात आली तर छापणाऱ्याने फक्त शाई खर्च केली आहे असे समजावे. उलट मात्र खरे नाही. वजन बरोबर भरले म्हणून माल खरा ठरत नाही, कारण कवचात वाळू किंवा लोखंडाचा तुकडा भरलेले नमुने निघतात. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल नव्या रंगीत वेष्टनात घालूनही वापरले जातात. बोटभर लांबीच्या ज्या गोल सेलला १८६५० म्हणतात, त्यात आजमितीस सुमारे ३,५०० एमएएचच मावतात. त्यावर ९,९०० छापलेले दिसले तर पुढे काही तपासायची गरज नाही.

खात्रीच करायची तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात काहीशे रुपयांत, बाहेर पडणारी वीज मोजणारा यूएसबी मीटर मिळतो. शिवाय वीज खाऊन तापणारा ५ ओहम, १० वॉटचा सिरॅमिक रेझिस्टर घ्यावा. पॉवर बँक पूर्ण भरून तिच्या ५ व्होल्टच्या यूएसबी-ए तोंडाला मीटर आणि मीटरला रेझिस्टर जोडला की सुमारे एक अँपिअर वाहू लागतो. रेझिस्टर चांगलाच तापतो, म्हणून तो फरशीच्या तुकड्यावर ठेवावा आणि जवळ बसून राहावे. १०,०००ची खरी पॉवर बँक सहा तासांच्या आसपास चालते आणि मीटरवर ३० वॉट-अवरच्या वर आकडा येतो. पंधरावर दम तोडला तर माल अर्धा. फोन जोडून हीच चाचणी करू नये. फोन भरत आला की स्वतःच वीज कमी घेतो आणि हिशोब बिघडतो. पाचशे नग घेणाऱ्याने त्यातले कुठलेही तीन उचलून एवढे केले, तर एका दिवसाचे काम आहे.

कमी क्षमता हा तोटा झाला, धोका निराळा. लिथियम सेल ४.२ व्होल्टच्या वर भरू नये आणि अडीच-तीनच्या खाली उतरू देऊ नये. हे पाहायला एक छोटी संरक्षक चकती आत असते, आणि स्वस्त मालात काटछाट तिथेच होते. त्यात भेटवस्तूंची आणखी एक खोड आहे. त्या वर्ष-दीड वर्ष गोदामात पडून राहतात. सेल आपोआप हळूहळू उतरत जातो. फार खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातले तांबे विरघळते, आणि नंतर चार्ज करताना ते भलत्या ठिकाणी बसून आतल्या आत शॉर्टसर्किट करू शकते. म्हणून खोक्यावर निर्मितीचा महिना-वर्ष पाहावे. महिनोन्महिने पडून असलेली पॉवर बँक पहिल्यांदा चार्ज करताना उशीखाली नव्हे, ओट्यावर नजरेसमोर ठेवावी. कपाटात ठेवायचीच असेल तर निम्मी भरलेली ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी पाहावी.

बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) सक्तीची नोंदणी पॉवर बँकेला लागू आहे. मानक आयएस १३२५२, आणि चिन्हाखाली ‘आर’ अक्षर व पुढे आठ आकडे. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की उत्पादक आणि ब्रँड दिसतो. तो नुसता आहे का एवढेच न बघता वस्तूवरच्या नावाशी जुळतो का हे पाहावे. भेटवस्तूवर बोधचिन्ह देणाऱ्याचे असते आणि बनवणाऱ्याचे नाव बहुधा नसतेच. याचे महत्त्व कळायला जून २०२५ आठवावा. अँकर या नावाजलेल्या कंपनीने अमेरिकेत विकलेल्या अकरा लाखांहून जास्त पॉवर बँका आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या. मॉडेल क्रमांक होता, उत्पादकाचे नाव होते, म्हणून ते जमले. आपल्या पिशवीतल्या बिननावी वस्तूत उद्या दोष निघाला तर ती कोण आणि कुठून परत मागवणार? मेळावा भरवणाऱ्याकडे पुरवठादाराचे बिलही सापडेल की नाही शंका आहे.

बेंगळुरू-हैदराबादहून आलेल्या पाहुण्यांची विमानतळावर आणखी पंचाईत. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच लागते आणि १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी सहसा मिळते. वॉट-अवर छापलेलेच नसले की वाद सुरू.

पिशवीतल्या तीन तोंडांच्या केबलबद्दलही थोडे. तिच्यात बहुधा २८ गेजची केसासारखी तार असते. एक मीटरच्या केबलमध्ये जाणारी-येणारी अशा दोन्ही तारा धरून तिचा रोध सुमारे ०.४३ ओहम होतो. दोन अँपिअरला ०.८५ व्होल्ट तारेतच जातात आणि फोनपाशी ५ ऐवजी ४.१५ पोचतात. फोन मुकाट्याने वेग उतरवतो आणि आपण बॅटरीला नावे ठेवतो. त्याहून जाड २४ गेजच्या तारेत हीच घट तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, थोडी जास्तच, येते.

पॉवर बँक फुगली, चार्ज होताना हाताला चटका बसू लागला किंवा गोडसर रसायनी वास आला, की तिचा वापर तिथल्या तिथे थांबवावा. टाचणी टोचून हवा काढण्याचा उद्योग तर अजिबात करू नये. तोंडांवर चिकटपट्टी लावून, पत्र्याच्या डब्यात वाळूवर ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. सुक्या कचऱ्यात टाकली तर ती कचरा दाबून भरणाऱ्या गाडीत जाते आणि दबलेला लिथियम सेल पेट घेतो. भोगतो तो गाडीवरचा कामगार. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, पण बिननावी मालाचा उत्पादक शोधणार कुठे? निदान मोठ्या स्थानकांवर आणि प्रभाग कार्यालयांत महापालिकेने व रेल्वेने झाकणाची पत्र्याची पेटी ठेवावी.

मेळावे भरवणाऱ्यांनी खरेदीच्या मागणीपत्रात चार ओळी घालाव्यात: वॉट-अवर आणि रेटेड कपॅसिटी वस्तूवरच छापलेली हवी, आर-क्रमांक अॅपवर जुळायला हवा, निर्मिती सहा महिन्यांच्या आतली हवी, आणि नादुरुस्त नग पुरवठादाराने परत न्यायचे. या अटींवर भाव वाढेल हे उघड आहे. तेवढे पैसे नसतील तर पॉवर बँक देऊच नये. त्याऐवजी जाड तारेची एक टाइप-सी केबल द्यावी आणि सभागृहात दर दोन खुर्च्यांमागे एक प्लग पॉइंट ठेवावा.

– एक वाचक, माहीम, मुंबई